वर धरणारीचा उजवा खांदा

मी एका उजव्या खांद्यातली पिशवी बोलतेय. भाजी आणायची नव्हे, सांध्याभोवतीची. दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत बसतं ना, तिथं त्या दोन्ही हाडांना चहूबाजूंनी धरून ठेवणारं एक पांढरं, पातळ, चिवट आवरण असतं. ते म्हणजे मी. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि मुद्दाम बघायला यावं असं माझ्यात काही नाही. पण आलाच आहात तर बसा जरा. मी फार थकलेय, आणि थकलेल्या माणसाचं बोलणं लांबतं, हे आधीच सांगून ठेवते.

शाळेच्या पुस्तकात आमच्या सगळ्या कुळाला मिळून 'संयोजी ऊती' म्हणतात. मुलं ते परीक्षेपुरतं घोकतात आणि पेपर संपला की विसरतात. स्नायूंचं कौतुक होतं, हाडांचे फोटो निघतात, हृदयावर तर लोक गाणी लिहितात. आम्ही मात्र या सगळ्यांना बांधून, गुंडाळून, जागच्या जागी धरून गप बसलेल्या. हाडाला हाड बांधणारे पट्टे माझे भाऊ, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या माझ्या बहिणी, आणि कातडीखाली अंगभर पसरलेलं जाळं ही आमची थोरली आत्या. आत्याला एका टोकाला कुणी ओढलं की दुसऱ्या टोकाला कळतं. म्हणून तर दुखणं खांद्यात असतं आणि माणूस मान चोळत बसतो.

माझा जन्म मालकिणीबरोबरच झाला. मालकीण आपलं मी सवयीनं म्हणते, तिला बिचारीला आपल्या घरी अशी एक मोलकरीण आहे याचा पत्ताच नव्हता. काखेच्या बाजूला माझी एक सैल घडी असते. हात खाली असला की ती चुण्या पडून लोंबते, हात वर गेला की उलगडते. हाड निसटू द्यायचं नाही पण हाताला अडवायचंही नाही, एवढंच मला येतं. मालकीण लहानपणापासून उंच, त्यामुळे घरातली सगळी वरची कामं तिच्या गळ्यात. दिवा बदल, पडदा लाव, माळ्यावरची पेटी काढ. माझी घडी दिवसातून कितीदा उलगडायची आणि मिटायची, मी कधी मोजलं नाही. तेव्हा अंगात दम होता.

लग्नानंतर काही वर्षांनी मालकिणीला धाकटी जाऊ आली. मालकीण जितकी उंच तितकी ही बुटकी. दोघींना शेजारी उभं केलं की घरातले हसायचे. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच स्वयंपाकघरात वावरायच्या आणि एकाच ठिकाणी कामाला जायच्या. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री होती, तिथं चादरींच्या घड्या घालायचं काम.

यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. रुंद पलंगाची चादर रोलरमधून कडक इस्त्री होऊन गरमागरम बाहेर यायची. दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. मग एकीनं सगळे कोपरे आपल्या हातात घेऊन चादर डोक्याच्या वर उचलून धरायची आणि दुसरीनं वाकून खाली लोंबणारी घडी उचलून वर आणून द्यायची. पहिलीला लॉन्ड्रीत 'वर धरणारी' म्हणायचे. चादर जमिनीला टेकली की पुन्हा धुवायची, त्यामुळे वर धरणारी उंचच लागायची. मालकीण वर धरणारी आणि धाकटी खालची. त्यांची जोडी सगळ्यात जलद होती. घडी घालताना दोघी एक अक्षर बोलायच्या नाहीत, आणि नंतर घरी जाईपर्यंत दोघींची तोंडं बंद व्हायची नाहीत.

आता दुखण्याकडे येते. एकदा धुलाईचं यंत्र थांबलं तेव्हा आतल्या चादरींना पीळ पडून त्यांचा जाडजूड दोर झाला होता. ओला आणि दगडासारखा जड. दोघी मिळून तो ओढत होत्या. मागून कुणीतरी धाकटीला हाक मारली. ती वळली आणि तिच्या हातून टोक सुटलं. सगळा भार मालकिणीच्या उजव्या हातावर आला. हिसका बसला तसं मी हाड धरून ठेवलं, निसटू दिलं नाही. माझं काम मी चोख केलं. पण मी ताणले गेले, थोडीशी उसवलेही असेन.

दवाखान्यात एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "विशेष काही नाही. थोडे दिवस आराम द्या, मग हळूहळू हात चालवा."

यातला आराम धाकटीनं अगदी मनावर घेतला. हात चालवायचं तिच्या कानावर पडलंच नाही. टोक आपल्या हातून सुटलं, ही गोष्ट तिला खात होती. "जाऊबाई, माझ्यामुळे झालं हो," असं म्हणत ती रडायची आणि मालकीण तिला उलट समजवायची, "तुझं काय गं त्यात? होतं असं कधी कधी." धाकटीनं उशीच्या अभ्र्याची झोळी शिवली आणि हात गळ्यात अडकवला. मग ती मालकिणीचे केस विंचरू लागली, कपड्यांची मागची बटणं लावू लागली. फडताळातून पेला काढायला मालकिणीचा हात जरा उचलला की ही कुठूनतरी धावत यायची, "थांबा, मी आहे ना!" आराम थोडे दिवसांचा होता, तो संपायचं नाव घेईना.

आणि लॉन्ड्रीत? तिथं तर या बाईनं डोकं लढवलं. हवेतली घडी बंद करून तिनं टेबलावरची घडी सुरू केली. चादर लांब टेबलावर पसरायची आणि दोघींनी कडेकडेनं फिरून ती दुमडायची. मालकिणीला हात कमरेच्या वर न्यायची गरजच उरली नाही. जोडी जोडीच राहिली, कुणाला काही कळलं नाही, आणि दोघी स्वतःच्या हुशारीवर खूश होत्या.

इकडे माझी काय अवस्था झाली ते ऐका. माझ्याकडे रक्त बेताचंच येतं, म्हणून माझी दुरुस्ती फार संथ चालते. जिथं उसवलं तिथं मी नवे धागे टाकत होते. पण हे धागे कोणत्या दिशेनं घालायचे ते आम्हाला कुणी सांगत नाही. ज्या दिशेनं ओढ बसेल त्या दिशेला आम्ही ते लावतो. ओढच बसली नाही तर ते वाटेल तसे आडवेतिडवे पडतात आणि एकमेकांना चिकटतात. माझी काखेकडची घडी मिटलेली होती, ती मिटलेलीच राहिली. तिच्या चुण्या एकमेकींना चिकटल्या. त्यात मी सुजलेली, जाड झालेली आणि आखडलेली. जो भाग कुणी वापरत नाही तो मी शिवून टाकते. हा माझा स्वभाव आहे, त्यात राग नाही की लोभ नाही.

मग दुखणं सुरू झालं, आणि ते साधंसुधं नव्हतं. उजव्या कुशीवर वळलं की मालकिणीच्या तोंडून किंकाळी निघायची. हात पुढं केला तरी कळ, मागं नेला तरी कळ. तिनं खांदा वर ओढून धरायला सुरुवात केली, मग मान धरली, मग पाठ. आत्यानं सगळीकडे निरोप पोहोचवले होतेच.

मालकिणीचा नवरा बस-डेपोत मेकॅनिक. जाम झालेले बोल्ट सोडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. एका सुटीच्या दिवशी त्यानं तेल कोमट केलं, चांगलं चोळलं आणि म्हणाला, "अगं, घाबरतेस काय? एक हिसका दिला की सुटेल."

"अहो, नको, नको..." ती म्हणेपर्यंत त्यानं हिसका दिला होता.

बोल्टाला दुखत नाही, मला दुखतं. मी आणखी सुजले आणि आणखी आवळून बसले. नवरा कितीतरी दिवस बायकोकडे चोरट्या नजरेनं बघत फिरत होता. चांगला माणूस आहे. पण ज्याचा हात हत्यारावर बसलाय त्याला हळू म्हणजे किती हळू, ते उमगत नाही.

टेबलावरच्या घडीचं बिंग शेवटी चादरींनीच फोडलं. टेबलावर दुमडताना चादरीच्या बरोबर मधोमध एक आडवी चुणी राहायची. पाहुण्यांच्या खोल्यांमधून तक्रारी यायला लागल्या. लॉन्ड्रीच्या सुपरवायझरला सगळे पाठीमागं 'कडक इस्त्री' म्हणायचे, कारण त्याच्या कपड्यांना आणि चेहऱ्याला कधी सुरकुती दिसायची नाही. तो एक दिवस येऊन टेबलाशी उभा राहिला.

"हवेत घाला घडी," तो म्हणाला. "मी बघतो."

मालकिणीनं कोपरे घेतले. हात छातीपर्यंत आला आणि अडकला. ती जोर लावायला लागली तसा नुसता खांदा कानाकडे गेला, हात काही वर जाईना. चादर जमिनीवर लोळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"एक्स-रे काढलाय का?" सुपरवायझरनं विचारलं.

"काढलाय," धाकटी घाईनं म्हणाली. "त्यात काही नाही निघालं."

"मग?"

त्या 'मग'मध्ये सगळं आलं. फोटोत काही नाही म्हणजे बाई सोंग करते. दोष त्याचाही नाही. फोटोत हाडं दिसतात, माझा फोटो त्यात निघत नाही. मी तिथं होते, आतल्या आत ठणकत होते, पण कागद स्वच्छ होता. दुखणं खरं आहे हे पटवून द्यायला मालकिणीकडे स्वतःच्या तोंडाशिवाय काही नव्हतं.

सुपरवायझर म्हणाला, "सुट्यांचा हंगाम सुरू झाला की सगळ्या खोल्या भरतील. तोवर हात वर गेला तर ठीक. नाही तर तुम्हाला मळक्या कपड्यांच्या खोलीत पाठवावं लागेल आणि यांना दुसरी जोडीदारीण द्यावी लागेल. माझाही नाइलाज आहे."

मळक्या कपड्यांच्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिथं एकटीनं काम करायचं होतं. पण मालकिणीला त्याचं काही नव्हतं. दुसरी जोडीदारीण हे शब्द तिला झोंबले. त्या रात्री ती जेवलीच नाही.

मग त्या दोघी दवाखान्यातल्या व्यायामाच्या विभागात गेल्या. तिथं एक तरुण फिजिओ होती. तिनं हात सगळ्या बाजूंनी हळूहळू हलवून पाहिला आणि जिथं अडकला तिथं बोट टेकवलं. "काकू, हे सोंग नाही. तुमच्या सांध्याची पिशवी आखडलीय. फाटलं-तुटलं काही नाही." मालकिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरं सांगते, मलाही भरून आलं. इतक्या वर्षांत कुणीतरी माझं नाव घेतलं होतं.

"बरा होईल ना?" धाकटीनं विचारलं.

"होईल, पण वेळ लागेल. कुणी हिसका द्यायचा नाही. रोज जिथं अडतं तिथपर्यंत न्यायचा, तिथं थोडं थांबायचं आणि परत आणायचा. जरा दुखलं तर दुखू द्यायचं, पण रात्रभर ठणकलं तर समजायचं की जास्त झालं." मग तिनं विचारलं, "केस कोण विंचरतं यांचे?"

"मीच," धाकटी अभिमानानं म्हणाली. "सगळं मीच करते. इकडची काडी तिकडे करू देत नाही."

फिजिओनं तिच्याकडे बघितलं. "आता करायचं नाही," ती म्हणाली.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. सेवा हेच तिच्याजवळचं प्रायश्चित्त होतं आणि तेच कुणीतरी काढून घेतलं होतं.

पण बाई जिद्दीची. घरी आल्यावर तिनं उशीच्या अभ्र्याची झोळी उसवली आणि तिचा परत अभ्रा केला. केसांना हात लावणं बंद केलं. मालकीण फणी घेऊन अर्ध्यावर अडकायची, कण्हायची, आणि धाकटी खोलीबाहेर दोन्ही हात मागं धरून उभी असायची. मग एक दिवस चहाचा डबा ओट्यावरून उठून पहिल्या फळीवर गेला. मालकिणीनं भिंतीवर बोटं चालवत कसाबसा तो काढला. तो सहज निघायला लागला, तसा डबा वरच्या फळीवर गेला.

नवऱ्यानं मालकिणीला विचारलं, "तुमचं दोघींचं काही बिनसलंय का? एक डबा काढून देईना ती तुला?"

"विचारा तिलाच," मालकीण फणकारली.

माझ्यापुरतं बोलायचं तर ते दिवस फार जड गेले. चिकटलेल्या चुण्या एकेक करून सुटत होत्या, आणि सुटताना प्रत्येक चुणी बोंब मारत होती. आडवे पडलेले धागे विरघळवायचे, नवे ओढीच्या दिशेनं लावायचे. रोज थोडं पुढं जायचं, मधेच एखाद्या दिवशी पार मागं यायचं. मला कंटाळा आला होता. मालकिणीला तर जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं झालं होतं. फक्त रोलरमधून निघालेली गरम चादर ती घडीभर खांद्यावर टाकायची, तेव्हा मला बरं वाटायचं.

आणि मग डबा तिसऱ्या फळीवर गेला. मालकीण कामावरून दमून आलेली, चहाची तल्लफ आलेली. तिनं हात वर नेला. बोटं फळीच्या कडेला लागली, डब्याला लागेनात. पुन्हा नेला, पुन्हा तेच. धाकटी दारात उभी होती.

"मुद्दाम करतेस ना तू?"

"हो. मुद्दाम."

"माझा जीव जातोय इथं, आणि तू मजा बघतेस?" मालकिणीचा आवाज चढला. "तुझ्यामुळेच झालं हे सगळं! तू टोक सोडलंस! तू!"

आजवर मालकीण "तुझं काय गं त्यात" म्हणत आली होती, आणि तिलाही तेच खरं वाटत होतं. हे दुसरं कुठं साठून राहिलं होतं कोण जाणे.

धाकटी जागची हलली नाही. "माहीत आहे मला. माझ्यामुळेच झालं. म्हणून तर डबा मी खाली काढणार नाही."

मालकीण ओट्याला टेकून रडली. धाकटी दारात रडली. चहा त्या दिवशी झालाच नाही. पण त्यानंतर एक झालं. मालकिणीनं खांदा जो कानाजवळ आवळून धरला होता, तो खाली आला. मन मोकळं झालं म्हणून आला की रडून रडून दमली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. मला थोडी जागा मिळाली, एवढं खरं. दुसऱ्या दिवसापासून हात अडायचा तिथंच, पण तिथपर्यंत जाताना भांडायचा नाही.

हंगाम सुरू झाला. खोल्या भरल्या, चादरींचे डोंगर तळघरात उतरले. कडक इस्त्री येऊन उभा राहिला आणि नुसती मान हलवली. दोघींनी चादर घेतली. झटका दिला, कोपरे जुळवले, चालत जवळ आल्या. मालकिणीनं सगळे कोपरे हातात घेतले आणि हात वर न्यायला सुरुवात केली. छाती गेली. हनुवटी गेली. कपाळाशी मी ताणले गेले ते अगदी टोकाला. याच्या पुढं देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, खरंच नव्हतं. चादरीची कड अजून जमिनीवर घासत होती. तेव्हा मालकिणीनं टाचा उचलल्या आणि चादर जमिनीपासून सुटली.

"टाचा उचलताय तुम्ही," सुपरवायझर म्हणाला.

"टाचा उचलू नयेत असा नियम आहे का साहेब?" धाकटीनं खालूनच विचारलं.

त्यानं वाकून चादरीची कड पाहिली. बोटानं चाचपली. धूळ नव्हती. "नियम नाही," असं म्हणून तो पुढच्या जोडीकडे गेला.

धाकटी तिथंच उकिडवी बसून हुंदके द्यायला लागली. मालकीण चवड्यांवर थरथरत उभी होती. "अगं रडतेस काय धाकटे! घडी उचल आधी, हात मोडतोय माझा!"

तर आता मी अशी आहे. पूर्वीइतकी सैल नाही. हात वर जायचा तो शेवटचा थोडा भाग परत येईल असं फिजिओ म्हणते, मी काही कबूल करत नाही. थंडीत कुरकुरते, जास्त काम पडलं की रुसते. तुमच्याही खांद्यात माझ्यासारखी एकेक आहे, तिच्या वतीनं एवढंच मागते: फोटोत दिसत नाही म्हणून तिला खोटं पाडू नका, घाईनं तिला हिसके देऊ नका, आणि कुणावर माया असेल तर त्याच्या हातातलं सगळंच काम काढून घेऊ नका. मी फार बोलले. आता मला थोडं पडू द्या. फार वेळ नाही, थोडंच.

पण एक राहिलंच. मालकिणीच्या डाव्या खांद्यात माझी जुळी बहीण आहे. आमच्यात असं होतं, एकीचं निस्तरलं की दुसरीचं सुरू होतं. गेले काही दिवस ती ठणकतेय. आज सकाळी बादली उचलताना मालकीण मधेच थांबली, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "धाकटे, डावा दुखतोय गं."

धाकटीचे दोन्ही हात बादलीकडे झेपावले. कडीला लागणार तोच तिनं ते मागं घेतले. तिचा चेहरा उतरला होता, डोळे भरले होते. मग तिनं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून बाजूला टाकला आणि मालकिणीच्या समोर येऊन उभी राहिली.

"दाखवा बघू," ती म्हणाली, "किती वर जातोय ते."